गुराढोरांना भूल देताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



संमेलनात व्याख्यान द्यावे असे चिटणिसांनी मला सुचविले तेव्हा विषय कोणता घ्यावा, असे मी त्यांस विचारले. "आपल्या व्यवसायातील एखादी उपयुक्त गोष्ट सांगा, मात्र घरातील लहानथोरांस समजेल अशी सांगा," असे ते म्हणाले. गुरांच्या डॉक्टरास मंगल प्रसंगी सभेत बोलावण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाही. गाय अडली अथवा म्हैस उठेनाशी झाली म्हणजेच त्याचे स्मरण होते, आणि तेही बहुधा मध्यरात्री. तेव्हा आज दिवसाउजेडी मिळालेल्या या मानाबद्दल मंडळाचे आभार मानून मी विषयाकडे वळतो.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आता शहरांत स्थायिक झाली आहेत. तथापि गावच्या गोठ्याशी असलेला संबंध अगदीच तुटलेला नाही. कोणाचे वडीलबंधू शेती पाहतात, कोणी दुधाचा व्यवसाय करतात, कोणी निवृत्तीनंतर चार शेळ्या पाळल्या आहेत. या सर्वांस केव्हा ना केव्हा जनावराच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो, आणि त्या वेळी दोन वाक्ये माझ्या कानी हमखास पडत आली आहेत. पहिले असे : "डॉक्टरसाहेब, जनावराला काय कळते? चार माणसे धरतात, तुम्ही उरकून घ्या." दुसरे असे : "पैशाचा विचार करू नका, पण माणसाला देतात तशी पुरी भूल द्या, बिचारीला काही समजता कामा नये." पहिले वाक्य कठोर आहे आणि दुसरे दयाळू आहे, हे सांगावयास नको. परंतु व्यवसायातील अनुभवाने मी असे म्हणेन की, दयाळू वाक्याने जनावराच्या जिवास होणारा अपाय कधी कधी कठोर वाक्यापेक्षा अधिक असतो. हे विधान विचित्र वाटेल. त्याचे कारण गाईच्या पोटात आहे.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांपैकी कोटीपोट म्हणजे एक प्रचंड रांजणच समजावा. मोठ्या जातीच्या गाईत त्यात १०० लिटरांहून अधिक ऐवज मावतो, आणि पोटाच्या पोकळीची जवळजवळ सारी डावी बाजू त्याने व्यापलेली असते. या रांजणात वैरण अखंड आंबत असते. आंबताना वायू तयार होतो, आणि तो थोडाथोडका नव्हे, तर मोठ्या गाईत तासाला ३० ते ५० लिटर. जागी गाय हा वायू ढेकरांवाटे सतत बाहेर टाकते, म्हणून तिला त्याचा त्रास होत नाही. त्याच गाईच्या तोंडात दिवसाला १०० लिटरांहून अधिक लाळ सुटते, तीही ती गिळीत असते. गव्हाणीपाशी शांतपणे डोळे मिटून बसलेली गाय आपणांस आळशी दिसते, परंतु तिच्या आत एवढा मोठा कारखाना चाललेला असतो आणि तो बंद करण्याची कळ कोणापाशीही नाही.

आता अशा गाईस पुरी भूल दिली, म्हणजे तिला बेशुद्ध करून आडवे पाडले, तर काय होते ते पाहा. ढेकर बंद पडतात. वायू मात्र तयार होतच राहतो. पोट ढोलाप्रमाणे फुगते आणि छातीच्या पडद्यावर दाबते. फुप्फुसांस पसरावयास जागा राहत नाही. जनावर उताणे असेल तर त्या रांजणाचे सारे वजन पोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडते, आणि हृदयाकडे परत जाणारे रक्त अडते. लाळ गिळली जात नाही, ती घशात साचते. आणि सर्वांत वाईट म्हणजे अन्ननलिकेचे तोंड सैल पडल्यामुळे कोटीपोटातील पातळ चोथा आपोआप वर येतो व श्वासनलिकेत उतरतो. त्यानंतर जो न्यूमोनिया होतो त्यातून जनावर वाचणे फार कठीण. शस्त्रक्रिया उत्तम झाली, टाके उत्तम बसले, आणि जनावर तिसऱ्या दिवशी गेले, असे होते ते बहुधा यामुळे.

माणसाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रात्रीपासून काही खाऊ नये असे बजावतात. माणसाचे जठर काही तासांत रिकामे होते. गाईचे तसे नाही. चोवीस तास, अगदी अठ्ठेचाळीस तास वैरण तोडली तरी कोटीपोट रिकामे होत नाही. फक्त आंबणे मंदावते, वायू कमी होतो आणि आतील भार थोडा हलका होतो. परंतु तेवढ्याने जीव वाचू शकतो. म्हणून मोठ्या जनावरास आडवे पाडावयाचे असेल तर सुमारे २४ तास वैरण व आंबोण बंद, आणि ८ ते १२ तास पाणी बंद, असा साधारण नियम आहे. शेळ्यामेंढ्यांस १२ ते १८ तास पुरतात. दूध पिणाऱ्या वासरास मात्र असे उपाशी ठेवू नये. त्याचे कोटीपोट अजून कामाला लागलेले नसते, आणि उपाशी ठेवल्यास त्याच्या रक्तातील साखर उतरून दुसरेच संकट उभे राहते.

हा उपवास पाळणे हे डॉक्टराचे काम नव्हे, ते घरातील माणसांचे आहे, आणि येथेच घात होतो. एका गावी एका म्हशीच्या छातीच्या पडद्यास भोक पडून जाळीपोट आत शिरले होते. म्हशींत ही व्याधी वरचेवर आढळते. गिळलेली तार अथवा खिळा हे तिचे एक कारण असते. ही शस्त्रक्रिया जनावर आडवे केल्यावाचून होत नाही. घरच्यांस उपवासाचे सर्व समजावून सांगितले होते, आणि सकाळी विचारल्यावर "काडीसुद्धा दिलेली नाही" असे यजमानांनी शपथेवर सांगितले. त्यांचे म्हणणे त्यांच्या माहितीप्रमाणे खरेच होते. परंतु रात्री म्हैस हंबरते म्हणून घरातील वृद्ध आजीने उठून तिला हिरव्या चाऱ्याची एक पेंढी आणि वर पाटीभर पेंड घातली होती. म्हैस शस्त्रक्रियेतून उठली. चौथ्या दिवशी न्यूमोनियाने गेली. पेंढीची हकीकत धाकट्या सूनबाईंनी मला पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितली. त्या माउलीस मी दोष देत नाही. दावणीचे जनावर उपाशी असता आपण जेवू नये, हा संस्कार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो चांगलाच आहे. परंतु त्या रात्री घरातील एका माणसाने जरी सकाळी खरे सांगितले असते तरी शस्त्रक्रिया एक दिवस पुढे ढकलता आली असती. डॉक्टर रागावतील या भयाने गोष्ट लपविली जाते. डॉक्टर रागावतातही, परंतु म्हशीच्या मोलाने पाहता तो राग फार स्वस्त पडतो.

येथे कोणी विचारील की, मग गाईची शस्त्रक्रिया करावी तरी कशी? जनावर शुद्धीवर ठेवावे आणि कळा सोसावयास लावाव्या काय? मुळीच नाही. गाईच्या पोटाने घातलेल्या अडचणीवर गाईच्याच स्वभावाने एक तोड दिलेली आहे. घोड्याच्या मानाने गाय शांत, सोशीक प्राणी आहे. ती खोड्यात उभी राहते. तेव्हा तिला न झोपविता केवळ जेथे कापावयाचे तो भागच बधिर करावा, आणि ती उभी असतानाच काम करावे, ही आमच्या शास्त्रातील राजमान्य पद्धती होय.

ही पद्धती शक्य झाली ती माणसांच्या वैद्यकातील शोधांमुळे. बोस्टन येथे १८४६ साली ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली आणि शस्त्रक्रियेचे युग पालटले. परंतु गाईच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचे वर्ष १८८४ हे वाटते. त्या वर्षी व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर करून दाखविला, आणि जागेपणी, वेदनेवाचून, शरीराचा एकच भाग कापता येतो हे सिद्ध झाले. पुढे १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी लिडोकेन हे औषध तयार केले व १९४८ पासून ते बाजारात आले. आज तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील कपाटात जी भुलेची बाटली असते ती बहुधा याच औषधाची, शेकडा २ च्या द्रावणाची असते. दाढ काढताना आपल्या हिरडीत जे टोचतात तेही हेच.

गाय अडली, वासरू वाटेने येत नाही, पोट फाडूनच काढावे लागणार, असा प्रसंग घ्या. किंवा शहरातील मोकाट गाईच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा झाला आहे, तो काढावयाचा आहे. दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा डाव्या कुशीतून, जनावर उभे ठेवूनच करतात. डावीकडे कोटीपोट असल्याने आतडी बाहेर लोटत नाहीत. म्हणजे जो रांजण एरवी वैरी होतो तोच येथे दाराशी उभा राहून राखण करतो. कुशीच्या त्वचेस व स्नायूंस जाणीव पुरविणाऱ्या मुख्य मज्जातंतू तीन : शेवटच्या, म्हणजे तेराव्या बरगडीच्या मागची एक आणि कमरेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या. पाठीच्या कण्यालगत लांब सुई घालून या तिन्हींपाशी औषध सोडतात. मग थांबावयाचे. दहा मिनिटे, कधी पंधरा.

या दहा मिनिटांत मालकमंडळी अस्वस्थ होतात. डॉक्टर नुसते हात बांधून उभे आहेत, वेळ चालला आहे, असे त्यांस वाटते. वस्तुतः डॉक्टर पाहत असतात. औषध लागू पडले की त्या बाजूच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि कुशीस हात लावला तर ती दुसऱ्या कुशीपेक्षा उबदार लागते. स्नायू सैल पडल्याने गाईची पाठ त्या बाजूस धनुष्यासारखी बाक घेते. मग सुईचे टोक टोचून पाहतात. गाय कातडी थरथरवीत नाही, वळून पाहत नाही, म्हणजे काम सुरू करावयास हरकत नाही. कूस उघडलेली असता गाय पुढ्यातील वैरणीचा घास घेते, हे मी कैक वेळा पाहिले आहे. ज्यांस "जनावराला काय कळते" असे वाटते त्यांनी एकदा हे दृश्य पाहावे, आणि मग भूल न देता केलेल्या कामात तेच जनावर डोळे कसे फिरवते तेही आठवावे. गाय कुत्र्याप्रमाणे केकाटत नाही. जी जनावरे रानात वाघाचे भक्ष्य होती त्यांना दुखणे लपविण्याची सवय जडलेली आहे. तिची शांतता ही वेदनेच्या अभावाची साक्ष नव्हे.

दुसरी अशीच पद्धत शेपटीच्या मुळाशी टोचण्याची. शेपटी पंपाच्या दांड्याप्रमाणे वरखाली हलविली असता जो पहिला सांधा हलतो, त्या खाचेत साधारण गाईस अवघे ५ ते ६ मिलीलिटर औषध दिले की मागचा भाग बधिर होतो व शेपटी लुळी पडते. वासरू आडवे आले असता, किंवा व्याल्यावर मायांग बाहेर आले असता हीच सुई उपयोगी पडते. औषध थोडे असण्यास कारण आहे. ते अधिक झाले तर पुढे सरकून मागील पायांतील शक्ती जाते आणि गाय कोसळते. या सुईस घरच्या बायका पुष्कळदा हरकत घेतात की, "कळा बंद केल्यात तर वासरू बाहेर येणार कसे?" शंका शहाणपणाची आहे. परंतु या भुलेने थांबते ते पोटाच्या स्नायूंचे कुंथणे. गर्भाशयाचे स्वतःचे आकुंचन थांबत नाही. कुंथणे थांबले की वासरास आत लोटून, वळवून, पाय सरळ करून घेण्यास डॉक्टरास जागा मिळते. गाय जोराने कुंथत असता हात घालणाऱ्यास ही जागा मिळत नाही, आणि ओढाताणीत वासरू व गाय दोघेही जातात.

बैलाच्या शिंगाचा कर्करोग आपल्या देशी बैलांत पुष्कळ आढळतो. त्यासाठी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडापर्यंत जी हाडाची कड लागते तिच्या खाली शिंगाची मज्जातंतू बधिर करतात. बैल बडविण्याविषयीही येथेच सांगतो. चिमट्याने बडविताना रक्त निघत नाही, म्हणून दुखत नाही असा समज आहे. तो खरा नाही, आणि तेथेही आधी बधिर करण्याची सोय आहे. १९६० च्या प्राण्यांविषयीच्या क्रूरता-प्रतिबंधक कायद्याने शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे व वेसण घालणे ही कामे विहित रीतीने केल्यास क्रूरतेत धरलेली नाहीत. तेवढ्याने ती दुखत नाहीत असे मात्र होत नाही.

आता गुंगीविषयी. गुंगी आणि भूल या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुंगीत जनावर शांत होते, डोके खाली घालते, कदाचित बसते. वेदना पूर्णपणे जात नाही. आमच्याकडे सर्वांत अधिक वापरले जाणारे गुंगीचे औषध झायलाझीन. ते १९६२ साली जर्मनीतील बायर कंपनीत माणसांचा रक्तदाब उतरविण्याकरिता म्हणून तयार झाले. माणसांच्या उपयोगी पडले नाही, पण जनावरांस त्याने उत्तम गुंगी येते असे आढळले. परंतु निसर्गाची एक मौज अशी की, घोड्यास जेवढे लागते त्याच्या दशांशाने गाय गुंगते. घोड्याच्या हिशेबाने भरलेली सुई गाईस दिली तर गाय उठणार नाही. या औषधाने कोटीपोटाची हालचाल मंदावते, पोट फुगते, लघवी फार होते, आणि उन्हाच्या वेळी दिल्यास अंगातील उष्णता आवरेनाशी होते. गाभण गाईच्या शेवटच्या महिन्यांत ते गर्भाशयास आकुंचित करते. गाभ पडण्याचे भय असते. म्हणून गाय गाभण आहे काय व किती महिन्यांची, हे डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच सांगावे.

अमेरिकेत 'ब्राह्मण' या नावाने प्रसिद्ध असलेली गुरांची एक जात आहे. नाव ऐकून कोणी हसू अथवा रागावू नये; ते तिकडील लोकांनी ठेविले असून आपल्यापैकी कोणाची संमती घेतलेली नव्हती. गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडील कृष्णाखोरी या भारतीय गुरांपासून ती तयार झाली. झायलाझीनच्या बाबतीत हे वशिंडाचे गुरू विलायती होल्स्टीनपेक्षा अधिक नाजूक असते, असे तिकडील ग्रंथांत नमूद आहे. आपल्या गोठ्यातील देशी गाय तिच्याच आप्तांपैकी. तेव्हा शेजारच्या संकरित गाईस जेवढे दिले तेवढेच आमच्या गाईस द्या, असा आग्रह धरू नये.

शेळी तर गाईहूनही नाजूक. एक हिशेब सांगतो. २० किलो वजनाच्या शेळीस किलोमागे मिलिग्रॅमच्या विसाव्या हिश्शाने औषध द्यावयाचे तर एकूण १ मिलिग्रॅम होते. बाजारात या औषधाची जी शेकडा २ ची बाटली मिळते तिच्या प्रत्येक मिलीलिटरात २० मिलिग्रॅम असतात. म्हणजे त्या शेळीचा वाटा बाटलीतील एक थेंब. हात जरा सैल सुटला तर पाच पट, दहा पट औषध सहज जाते. मेंढीत याच औषधाने फुप्फुसांत पाणी भरण्याचे भय अधिक असते. गावोगाव फिरणारी, परवाना नसलेली माणसे "गुंगीची सुई" म्हणून हे औषध खिशात बाळगतात, त्यांस गोठ्याच्या दारातूनच परत लावावे. तसेच भरलेली सुई मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुकून माणसास टोचली तर हृदयाचे ठोके व श्वास मंदावतात, आणि जनावरांत या औषधाचा अंमल उतरविण्यासाठी दुसरी औषधे आहेत तशी माणसासाठी मान्य झालेली नाहीत.

या औषधांचे आणखी एक लक्षण आहे, आणि ते पुणेकर मंडळींच्या स्मरणात असेल अशा एका प्रसंगाने सांगतो. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या वस्तीत एक रानगवा शिरला. गवा हाही रवंथ करणारा, आपल्या गाईबैलांचाच रानातील भाऊबंद. त्यास पाहण्यास गर्दी लोटली, आरडाओरडा झाला, तो भिंतींवर धडकत तासन्‌तास धावत राहिला. अखेरीस त्यास गुंगीची सुई मारून जाळ्यात धरले, आणि थोड्याच वेळात तो मेला. पुष्कळांनी त्या सुईस बोल लाविला. परंतु भेदरलेल्या, धावून तापलेल्या जनावराच्या शरीरात आधीच एवढी खळबळ माजलेली असते की गुंगीचे औषध त्यावर धड लागू पडत नाही. अधिक द्यावे लागते. आणि थकलेले हृदय व स्नायू तो भार सोसत नाहीत. गोठ्यातही थोड्या प्रमाणात हेच घडते. डॉक्टर येणार म्हणून अंगणात वीस माणसे जमवू नयेत. जनावरास पिटाळून, दोरीने झोंबून मग सुई देऊ नये. रोजच्या माणसाने मोरखी धरावी, सुई दिल्यावर दहापंधरा मिनिटे त्यास एकटे सोडावे, कुत्री दूर ठेवावी. हे करावयास दमडी पडत नाही.

जेव्हा आडवे पाडून पुरी भूल देण्यावाचून गत्यंतरच नसते, तेव्हा इस्पितळात श्वासनलिकेत फुग्याची नळी बसवून चोथा आत जाण्याचा मार्ग बंद करतात. मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी, जे १८८६ सालापासून चालत आले आहे, अशी साधने असतात. शेताच्या बांधावर ती नसतात. म्हणून डॉक्टर "जनावर इस्पितळात न्या" असे म्हणाले तर ते अंग काढून घेत आहेत असे समजू नये. मानेखाली गोणपाट घालून मान थोडी उंच आणि नाकपुड्या खाली उतरत्या ठेवाव्या, म्हणजे लाळ तोंडावाटे गळून जाते. खालच्या खांद्याशी गवताची जाड गादी घालावी व खालचा पुढचा पाय पुढे ओढून ठेवावा. नाहीतर आपल्याच वजनाखाली मज्जातंतू चेपून, शुद्धीवर आल्यावर तो पाय लुळा पडतो. अंमल उतरू लागला की जनावर कुशीवर पडू न देता छातीवर बसते करावे, दोन्ही बाजूंस गवताच्या पेंढ्यांचा टेकू द्यावा, सावलीत ठेवावे. चारी पायांवर घट्ट उभे राहून ते नीट गिळू लागेपर्यंत पाणी दाखवू नये. तहानेने ते जीभ काढते, ते पाहवत नाही. तरी दाखवू नये.

भूल उतरल्यानंतरच्या दुखण्यासाठी पूर्वी डायक्लोफिनॅक सर्रास देत. ते औषध दिलेल्या जनावराचे शव खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि ती मरत. आपल्या लहानपणी गावाबाहेर बसलेली गिधाडे नाहीशी झाली त्याचे मुख्य कारण हे. २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम देता येते; ते गिधाडांस अपायकारक नाही. कोणी माणसांच्या औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून गाईस टोचत असतील तर तो प्रकार बंद करावा. भुलेनंतर दूध किती दिवस वेगळे काढावयाचे, तेही डॉक्टरांस विचारून घ्यावे.

वासरांची शिंगे केव्हा काढावी, अशा दोन चिठ्ठ्या भगिनीवर्गाकडून आल्या आहेत. वासराच्या शिंगाचा कोंब पहिले दोनेक महिने कवटीस जखडलेला नसतो, कातडीतच असतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच हे काम उरकावे. पुढे शिंगाची पोकळी कपाळाच्या पोकळीशी जोडली जाते, आणि मग शिंग कापणे म्हणजे कपाळच उघडणे होते. तापल्या लोखंडाने कोंब जाळण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या मज्जातंतू बधिर करवून घ्याव्या, टाचणी टोचून खात्री करावी, आणि दुखणे पुढे तासन्‌तास राहते म्हणून मेलॉक्सिकॅमची सुईही मागावी. करडांच्या बाबतीत मात्र घरी काहीही करू नये. त्यांच्या प्रत्येक शिंगास दोन मज्जातंतू असतात, आणि ४ किलोंच्या करडास सोसेल असे लिडोकेन शेकडा २ च्या बाटलीतील जेमतेम १ मिलीलिटर, तेही चारही ठिकाणे मिळून. त्याहून अधिक झाल्यास झटके येतात. करडू दवाखान्यात न्यावे, आणि नेण्यापूर्वी त्याचे वजन अंदाजाने न सांगता तराजूवर करून न्यावे.